म्हाळसाची कडी

सणसरच्या शिवारात सर्जेरावांचं घर रस्त्यापासून दोन वावरं आत आहे, त्यामुळे त्यांच्या अंगणात काय वाळत घातलंय हे कुणाला दिसायचं कारण नव्हतं. तरी त्यांची बायको छबूबाई नातीची गोधडी घरामागं, गोठ्याच्या तारेवरच टाकायची. पोरीची जात, उद्या कुणी बोट दाखवायला नको, असं तिचं म्हणणं. नात म्हाळसा साडेपाच वर्षांची. पण छबूबाईची काळजी नेहमी दहा-पंधरा वर्षं पुढं चालायची.

सर्जेराव सकाळी उठले की चूळ भरायच्या आधी मागं जाऊन ती तार बघायचे. तारेवर गोधडी असली तर म्हाळसानं रात्री अंथरूण ओलं केलं. नसली तर पोरगी कोरडी उठली. आणि खरं सांगायचं तर, तारेवर गोधडी दिसली की म्हाताऱ्याला बरं वाटायचं. हे त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नसतं.

कारण म्हाळसा कोरडी उठायला लागली की तिची आई तिला घेऊन जाणार होती.

सौरभ, सर्जेरावांचा एकुलता एक मुलगा, तीन वर्षांपूर्वी रात्रीचा रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल घालून गेला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. सुप्रियानं, त्याच्या बायकोनं, वर्षभर घरात काढलं आणि मग म्हणाली, ‘‘आबा, मला कामाला जाऊ द्या. हितं बसून डोकं फिरंल माझं.’’ सर्जेराव जुन्या वळणाचे असले तरी मनानं सरळ. त्यांनीच ओळखीपाळखी काढून तिला लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला लावलं. तिथं बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट. सुप्रियाला एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. तिथंच तिनं खोली घेतली, सारजा नावाच्या बाईबरोबर. सारजा त्याच कंपनीतली, पण उलट्या शिफ्टची. खोली एक आणि गादीही एकच. एक उठून कामाला जायची, दुसरी कामावरून येऊन त्याच गादीवर पाठ टेकायची. ती गादी कधी गार म्हणून पडत नव्हती.

म्हाळसाला आणायला सारजाची ना नव्हती. सुप्रियाच्या रात्रपाळीला पोरीजवळ मी झोपेन, असंही ती म्हणाली होती. पण रात्रभर मशीनपुढं उभं राहून आलेल्या बाईला सकाळी ओली गादी कशी द्यायची? म्हणून संक्रांतीला आलेली सुप्रिया जाताना सांगून गेली, ‘‘आठ दिवस एकसारखी कोरडी उठू द्या, आबा. मग मी नेते. जूनला तिकडंच पहिलीत घालते.’’

सर्जेराव ‘व्हय, व्हय’ म्हणाले. मनात म्हणाले, बघू की. जून लांब हाय.

छबूबाईनं आपले इलाज सुरू केले. पहिल्यांदा तिळाचे लाडू, सकाळी एक, संध्याकाळी एक. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मग संध्याकाळचं ताक बंद. मग दिवेलागणीनंतर पाणीच बंद, आणि तहानलेली पोर माठाकडं बघत बसायची. सर्जेरावांनीही हातभार लावला. कलिंगडाच्या प्लॉटचा उरलेला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर कापून गोधडीखाली घातला. त्यानं गादी वाचली, पण पोरगी कूस बदलायची तेव्हा असा चुरचुर आवाज यायचा की सर्जेरावांना आपण वावरातल्या काकरीत झोपलोय असं वाटायचं.

शेवटी बारामतीला एका डॉक्टरीणबाईला दाखवलं. त्या बाईनं छबूबाईचे सगळे इलाज ऐकून घेतले आणि कपाळावर हात मारला.

‘‘आजी, तिचं पाणी कशाला तोडता? दिवसा भरपूर पाणी प्यायला द्या. झोपायच्या आधी जाऊन येऊ द्या. ती मुद्दाम करत नाही. तिची झोप गाढ आहे, पोटातला निरोप तिच्यापर्यंत पोचत नाही एवढंच. रागावू नका. आणि झोपेत उचलून नेऊ नका. त्यानं अंथरूण कोरडं राहतं, पण पोर शिकत नाही.’’ मग तिनं म्हाळसाला एक काम दिलं. रोज सकाळी कॅलेंडरवर आपल्या हातानं खूण करायची. कोरडी उठली तर सूर्य, ओली उठली तर निळा ठिपका.

घरात कॅलेंडर एकच, वीजमीटरशेजारी टांगलेलं, आणि त्यावर आधीपासूनच सर्जेरावांची मालकी होती. शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसाची असते, एक आठवडा रात्रीची. दर सोमवारच्या चौकोनात ते ‘दि’ नाहीतर ‘रा’ लिहून ठेवायचे. रात्रीची लाइट असली की साडेबाराला मोटर चालू व्हायची आणि उसाला पाणी द्यायला, दारं धरायला त्यांना उठावं लागायचं. आता त्याच चौकोनांत म्हाळसाचे सूर्य उगवायला लागले. तिच्या सूर्याला कधी पाच किरणं, कधी पंधरा. एकदा तिनं सूर्याला मिशा काढल्या आणि तो आबा असल्याचं जाहीर केलं.

दीड महिन्यात सर्जेरावांना त्या खुणांत एक गोष्ट दिसली. सूर्य सगळे एका आठवड्यात यायचे, ठिपके दुसऱ्या आठवड्यात. पुन्हा सूर्य, पुन्हा ठिपके. ते कॅलेंडरपुढं उभे राहून बोटांवर मोजत राहिले आणि मग एकदम उजेड पडल्यासारखं झालं. सुप्रिया दिवसपाळीला असायची तेव्हा रोज रात्री नऊला तिचा फोन यायचा. पोरगी फोनवर हसायची, रडायची, ‘कधी येनार’ म्हणायची आणि मग झोपायची. ठिपके सगळे त्या आठवड्यातले. रात्रपाळीला फोन गेटवर जमा, म्हणून फोन नाही. सूर्य सगळे त्या आठवड्यातले.

‘‘फोनमुळं व्हतंय,’’ त्यांनी छबूबाईला सांगितलं. ‘‘आईचा आवाज ऐकती, जीव कासावीस व्हतो पोरीचा, आन् मग रात्री…’’

छबूबाई लसूण सोलत होती. तिला पटलं. सर्जेरावांनाही पटलं, आणि जरा जास्तच पटलं. आईच्या आवाजानं पोर बिघडते, हे पटायला त्यांचं मन आधीपासूनच दार उघडून बसलं होतं.

रविवारी सुप्रिया आली. इंदापूरला एसटी बदलून यायची, हातात पोरीसाठी काहीतरी असायचंच. या खेपेला झाकणावर ससा असलेली पाण्याची बाटली होती. सर्जेरावांनी तिला कॅलेंडर दाखवलं. ती पुष्कळ वेळ त्या ठिपक्यांकडं बघत राहिली.

‘‘म्हंजी माझ्यामुळं?’’

‘‘तुझ्यामुळं न्हाय. फोनमुळं. थोडं दिवस रात्रीचा फोन करू नगंस, बघू काय व्हतंय.’’

‘‘बरं,’’ सुप्रिया म्हणाली. दिवसभरातली तिच्या हक्काची ती दहा मिनिटं होती. ती तिनं तिथंच, उभ्या उभ्या देऊन टाकली, आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासायला घेतली.

पुढचा आठवडा रात्रपाळीचा. फोन नाही, सगळे सूर्य. त्याच्या पुढचा आठवडा दिवसपाळीचा. फोन आला नाही. म्हाळसा रात्री नऊला आबांचा फोन मांडीवर घेऊन बसायची, काच पुसायची, चार्जिंग किती टक्के आहे ते वाचायची. साडेनऊला छबूबाई तिच्या हातातून फोन काढून घ्यायची. त्या आठवड्यात पाच ठिपके पडले.

‘‘आता वो?’’ छबूबाईनं विचारलं. ‘‘फोन तर न्हाय आला.’’

‘‘वाट बघून बघून झालं असंल,’’ सर्जेराव म्हणाले. हे बोलताना त्यांनी बायकोकडं बघितलं नाही. आपण सुनेला दोन्हीकडून दोषी धरतोय, तिचा फोन आला तरी आणि नाही आला तरी, हे कळण्याइतके ते शहाणे होते. पण तारेवर गोधडी होती, पोरगी घरात होती, अंगणात तिची चप्पल होती. सौरभ गेल्यापासून या घरात जो काही आवाज होता तो या पोरीचा. जून जवळ येत होता आणि सर्जेरावांना तो यायला नको होता.

मग रात्रीच्या लाइटचा आठवडा आला. मंगळवारी साडेबाराला सर्जेराव उठले, गमबूट चढवले, बॅटरी घेतली, दाराची वरची लोखंडी कडी काढून खाली सोडली. ती सौरभच्या जन्माआधीची, चांगली जाडजूड. सोडली की फळीवर खणकन आपटायची. दार ओढून ते विहिरीकडं निघाले. मोटर चालू झाली, पाणी पाटात यायच्या आत ट्रान्सफॉर्मरचा डीओ उडाला आणि सगळं गप्प झालं. डीओला शिव्या देत ते माघारी फिरले.

घराच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. बॅटरीचा झोत पडला तर म्हाळसा. गुडघ्यांवर फ्रॉक ओढून, उत्तरेकडं तोंड करून बसलेली.

‘‘अगं! हितं काय करतीस?’’

‘‘शूला आलती. झाली.’’ तिनं बाथरूमकडं बोट दाखवलं.

‘‘रोज येतीस?’’

‘‘तुमची कडी वाजती की. मग मला जाग येती. तुमी मोटारीला जाता, मग मी जाऊन येती.’’ तिला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. ‘‘मग जरा हितं बसती.’’

‘‘कशाला?’’

तिनं उत्तरेकडं दाखवलं. लांब, उसाच्या वर, एक तांबडा दिवा उघडझाप करत होता. ‘‘ती मम्मीची कंपनी हाय. मम्मी या आठवड्यात रात्रभर जागी असती ना. म्हनून मी तिला सांगती, मम्मी, मी उठली. मग झोपती.’’

तो दिवा कंपनीचा नव्हता. पलीकडच्या वस्तीवरच्या मोबाइल टॉवरचा होता, लोणी देवकर तिथून कुठल्या कुठं. सर्जेरावांनी ते सांगितलं नाही. ते गमबुटांसकट तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी बॅटरी विझवली.

पोरीला झोपवून त्यांनी कॅलेंडरपुढं बॅटरी धरली. ‘रा’ लिहिलेल्या प्रत्येक आठवड्यात सूर्य. ‘दि’ लिहिलेल्या प्रत्येक आठवड्यात ठिपके. अक्षर त्यांचं स्वतःचं. दोन महिने ते रोज त्या कागदापुढं उभे राहत होते, आणि आपलंच लिहिलेलं सोडून दुसरं सगळं वाचत होते. सुप्रियाची पाळी आणि महावितरणची पाळी एकाच सोमवारी बदलायची, एवढाच काय तो घोळ. फोन बिचारा निर्दोष होता.

बुधवारी त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी छबूबाईनं विचारलं, ‘‘बरं वाटत न्हाय का?’’ तर तिच्यावर खेकसले. शनिवारी रात्री दारं धरताना पाणी एका सरीतून फुटून शेजारच्या वावरात गेलं आणि ते खोऱ्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. सांगितलं तर फोन सुरू होईल, पोरगी शिकेल आणि जाईल. नाही सांगितलं तर काहीच होणार नव्हतं, आणि तेच त्यांना हवं होतं. पण नऊ वाजता फोनची काच पुसणारी पोरगी काही डोळ्यांपुढून हलेना.

रविवारी सुप्रिया आली. सर्जेरावांनी तिला बसूही दिलं नाही.

‘‘रातच्याला फोन चालू कर. चूक माझी झाली.’’ आणि त्यांनी सगळं सांगितलं, कडीचं, लाइटचं, पायरीचं, तांबड्या दिव्याचं. दिव्याशी आल्यावर सुप्रियानं पदर तोंडाला लावला.

‘‘कधी कळलं तुमाला, आबा?’’

‘‘मंगळवारी.’’

तिनं मनात मोजलं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. सर्जेराव मान खाली घालून उभे होते. सासरा सुनेपुढं असा उभा राहिलेला छबूबाईनं कधी बघितला नव्हता, म्हणून ती उठून गोठ्यात गेली.

‘‘पोरगी माझ्याजवळ असती ना,’’ सुप्रिया शेवटी म्हणाली, ‘‘तर मी बी तुमाला पाच दिवस सांगितलं नसतं.’’

त्याच दुपारी सर्जेरावांनी पान्हा आणि ड्रिल घेऊन दाराची कडी वरून काढली आणि म्हाळसाच्या हाताला येईल अशी, आपल्या कमरेएवढ्या उंचीवर बसवली. बाथरूमच्या वाटेवर बल्ब लावला. आता प्रश्न राहिला दिवसाच्या लाइटच्या आठवड्याचा. त्याला त्यांनी इलाज काढला: मोटर असो नसो, साडेबाराला उठायचं आणि कडी वाजवायची. उचलायचं नाही, हाक मारायची नाही, फक्त कडी. पोरगी डोळे चोळत उठायची, स्वतः कडी काढायची, जाऊन यायची, पायरीवर दोन मिनिटं बसायची. छबूबाई अंधारातून म्हणायची, ‘‘म्हातारपनी काय याड लागलंय,’’ पण तीही जागीच असायची.

पहिले आठ दिवस खणखणीत वाजवली. पुढचे आठ दिवस हळू. मग कापड गुंडाळून. त्यात दोनदा गोधडी तारेवर गेली. म्हाळसा ठिपका काढताना रडली आणि सर्जेरावांनी तिला सांगितलं की तुझा बा सात वर्षांचा होईपर्यंत हीच तार वापरत होता. हे खरं होतं. तिला ते इतकं आवडलं की त्या दिवशी तिनं ते तीनदा सांगायला लावलं.

मे महिन्यात एका रात्री सर्जेरावांनी कडीला हात लावला नाही.

ते नुसते पडून राहिले. साडेबारा वाजले, पावणेएक झाला. म्हाळसाचा श्वास संथ चालला होता. चार हातांवर कडी होती. गप्प राहिलं तर पोरगी ओली उठेल, ठिपका पडेल, जून निघून जाईल. त्यांना काहीच करायचं नव्हतं, नुसतं पडून राहायचं होतं. आणि तेव्हा त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण त्यांचं मन म्हणत होतं, ऊठ गं बाय, ऊठ. एक वाजून गेला. मल्चिंग पेपर चुरचुरला. मग छोटी पावलं, मग कडीचा आवाज, अगदी बेतानं, आबांची झोप मोडू नये म्हणून केलेला. सर्जेरावांनी गोधडी तोंडावर ओढून घेतली आणि पोटभर रडून घेतलं.

कडी न वाजवता सलग आठ सूर्य लागायला त्यानंतर तीन आठवडे गेले. जूनच्या पहिल्या रविवारी सणसरच्या स्टँडवर सगळे इंदापूरच्या एसटीची वाट बघत उभे होते. छबूबाईनं पिशवीत मल्चिंग पेपरची घडी घातली होती, ती म्हाळसानं काढून आजीच्या हातात दिली. ‘‘मला नगं आता.’’ गाडी आली. चढताना ती मागं वळली.

‘‘आबा, मी तिकडं उठल्यावर तुमी जागं असाल?’’

‘‘असनार की.’’

‘‘दिवसाची लाइट असली तरी?’’

‘‘तरी.’’

सुप्रियाचा फोन रोज यायला लागला, आता पोरीची खबर द्यायला. पहिल्या सकाळी ती एवढंच म्हणाली, ‘‘कोरडी हाय, आबा.’’ सारजाला पोरगी आवडली. शाळेचं दप्तर निळं घेतलं. इकडं सर्जेराव सकाळी मागं जायचे, रिकामी तार बघायचे आणि चूळ भरायचे. कॅलेंडरवर ‘दि’ आणि ‘रा’ तेवढे उरले.

त्या आठवड्यात ‘दि’ होता. साडेबाराला त्यांना जाग आली. ते उठले, दाराशी गेले, वर हात घातला, तिथं जुन्या कडीची नुसती भोकं होती. मग हात कमरेशी आणून त्यांनी खालची कडी काढली.

‘‘अवो, दिवसाची लाइट हाय,’’ छबूबाई आतून म्हणाली. ‘‘कुठं निघाला?’’

‘‘कुठं न्हाय. पोरीला सांगितलंय, मी जागा असतो म्हनून.’’

ते पायरीवर बसले. उसाच्या वर टॉवरचा तांबडा दिवा उघडझाप करत होता. थोड्या वेळानं छबूबाईही येऊन शेजारी टेकली.

‘‘उठली असंल का?’’

‘‘उठली असंल,’’ सर्जेराव म्हणाले. ‘‘तिथली कडी तिच्या हाताला येती का, ते इचारायचंच राहिलं.’’